याकी लोकांबद्दल तासभर बोलायचं असेल तर

उपवासकाळात, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या चाळीस दिवसांत, आमच्या मरोळ गावठाणातल्या हॉलमध्ये शनिवारी संध्याकाळी कुणीतरी तासभर बोलतं. यंदा मी मेक्सिकोतल्या याकी लोकांवर बोलले. त्यानंतर गिरगावातल्या एका वाचनालयाच्या कार्यवाहांनी आणि विरारच्या एका शिक्षिकेने विचारलं, हाच विषय आमच्याकडे घ्यायचा तर मांडायचा कसा? फोनवर तुकड्यातुकड्याने सांगत बसण्यापेक्षा एकदाच लिहून टाकते. मी शाळेत इतिहास शिकवते, तेव्हा थोडी मास्तरकी सहन करा.

"मेक्सिकोच्या वायव्येस सोनोरा राज्यात याकी नावाची जमात राहते" अशी सुरुवात करू नका. पुढच्या रांगेतल्या मावश्या तिथेच पदराने वारा घ्यायला लागतात. गव्हापासून सुरू करा. रेशनवरची मिलो ज्वारी आणि लाल गहू आठवणारी माणसं अजून प्रत्येक हॉलमध्ये सापडतात. त्यांना सांगा की १९६६ साली भारताने मेक्सिकोतून १८,००० टन गव्हाचं बियाणं आणलं. लर्मा रोहो आणि सोनोरा ६४ ही त्यातली वाणं. अमेरिकन कृषिशास्त्रज्ञ नॉर्मन बोरलॉग यांनी ज्या शेतांत या बुटक्या गव्हावर काम केलं, ती सिउदाद ओब्रेगॉन शहराजवळ, याकी नदीच्या खोऱ्यात आहेत. मग फळ्यावर एकच प्रश्न लिहा: खोऱ्याला ज्यांचं नाव, ती माणसं कुठे गेली? आणि खडू खाली ठेवून पाणी प्या.

नकाशा छापील लावू नका, समोर काढा. डावीकडे कॅलिफोर्नियाचं आखात, उजवीकडे सिएरा माद्रेचे डोंगर, डोंगरातून समुद्राकडे उतरणारी याकी नदी. तिच्या खालच्या टप्प्यात आठ ठिपके: कोकोरित, बाकुम, तोरिम, विकाम, पोताम, राहुम, उइरिविस, बेलेम. ही आठ नावं श्रोत्यांकडून मोठ्याने म्हणवून घ्या. याकी माणसाला गाव विचारलं तर तो आजही यांतल्याच एका नावाशी स्वतःला जोडतो. वर उत्तरेला एक आडवी रेघ ओढा आणि तिच्या पलीकडे तुसॉन आणि फिनिक्स लिहून ठेवा. ती रेघ अमेरिकेची सीमा; तिचं काम पुढे आहे. ही माणसं स्वतःला योएमे म्हणतात आणि बाहेरच्या गोऱ्या-मेक्सिकन माणसाला योरी. बोलताना मात्र "याकी" म्हणायला हरकत नाही, ॲरिझोनातली त्यांची जमात सरकारदरबारी हेच नाव लावते.

इतिहासाला वीस मिनिटं द्या, आणि सगळी बंडं सांगत बसू नका. चार ठिकाणी थांबलात की पुरे.

पहिला थांबा १५३३. दिएगो दे गुस्मान स्पॅनिश स्वार घेऊन आला, तेव्हा एका म्हाताऱ्या याकीने पुढे येऊन धनुष्याच्या टोकाने जमिनीवर रेघ ओढली आणि ही ओलांडलीत तर मराल असं बजावलं. लढाई झाली, स्पॅनिश माघारी गेले. तिथून सरळ १६०९ वर या. कप्तान उर्दाइदे मोठी फौज घेऊन आला आणि याकींनी त्याला चांगलाच चोपला. पुढच्या वर्षी तह झाला, आणि त्या तहात जिंकलेल्या बाजूने हरलेल्यांकडे जेज्वीट या कॅथलिक संघाचे पाद्री मागितले.

इथे हॉलमध्ये भुवया उंचावतात. उंचावू द्या. आसपासच्या जमातींकडे जेज्वीट आल्यावर गुरं, नवी पिकं, लोखंडी अवजारं आली होती, ते याकी बघत होते. ते सगळं हवं होतं, स्पॅनिश जमीनदार नको होता. १६१७ मध्ये आंद्रेस पेरेस दे रिबास आणि तोमास बासिलिओ हे दोन फादर पोहोचले. तीसेक हजार माणसं तेव्हा नदीकाठच्या ऐंशीच्या आसपास वस्त्यांत विखुरलेली होती. त्यांची पुढे ही आठ गावं झाली. आपल्याकडचा श्रोता लगेच पोर्तुगीजांकडे जातो, विशेषतः आमच्यासारख्या ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबईतल्या मूळच्या मराठी ख्रिस्ती लोकांच्या, गावठाणात. त्याला फरक दाखवा. साष्टीत १५३४ च्या वसईच्या तहाने आधी सत्ता आली, चर्च तिच्यामागून आलं. याकींकडे पुढची दीडशे वर्षं मोजके पाद्री होते, स्पॅनिश वस्ती फारशी नव्हतीच, आणि धनुष्यबाण गावकऱ्यांच्याच हातात होते.

१७४० चं बंड एका वाक्यात आटपा. १७६७ मात्र फळ्यावर मोठ्या आकड्यात लिहा. त्या वर्षी स्पेनच्या राजाने आपल्या साम्राज्यातून जेज्वीटांना हाकललं. याकींच्या गावांतून पाद्री गेले, मागे जे राहिलं ते गावकऱ्यांनी चालवायला घेतलं. प्रार्थना म्हणवणारा माएस्त्रो, चर्चच्या वस्तू सांभाळणारे, भजनं गाणाऱ्या बायका (त्यांना कोपारिआम म्हणतात), मिरवणुकीची व्यवस्था बघणारे, सगळे गावचेच. लॅटिन आणि स्पॅनिश प्रार्थना वह्यांत उतरवून बापाकडून मुलाकडे गेल्या. तुमच्या सगळ्या तासाचा कणा हाच आहे. पुढे धर्माबद्दल जे काही सांगाल, ते या वर्षाकडे बोट दाखवूनच सांगायचं.

एकोणिसाव्या शतकातले दोन नेते घ्या. हुआन बांदेरास ग्वादालुपेच्या मरियामातेचं चित्र असलेलं निशाण घेऊन लढला आणि १८३३ मध्ये मारला गेला. काहेमे, म्हणजे होसे मारिया लेवा, आधी मेक्सिकन सैन्यात होता. सरकारनेच त्याला याकींवर मुख्य नेमलं आणि तो याकींचा होऊन बसला. आठ गावांचं जवळजवळ स्वतंत्र राज्य त्याने दहाएक वर्षं चालवलं. १८८७ मध्ये त्याला गोळ्या घातल्या. (त्याच वर्षी व्हिक्टोरिया राणीच्या ज्युबिलीच्या निमित्ताने आमच्या लोकांनी इथे "ईस्ट इंडियन" हे नाव अधिकृतपणे घेतलं. याचा त्याचा काही संबंध नाही, पण आमच्या हॉलमध्ये हे सांगितल्यावर सगळे सरसावून बसले.) आज ज्या गव्हाच्या शेतांपासून आपण सुरुवात केली, त्या भागाच्या नगरपालिकेचं नाव काहेमे आहे आणि त्यातल्या मोठ्या शहराचं नाव जनरल ओब्रेगॉनवरून. मेक्सिकन क्रांतीत ओब्रेगॉनच्या सैन्यात याकी तुकड्या लढल्या. जमीन परत मिळण्याची आशा होती, ती मिळाली नाही.

आता शेवटचा थांबा, आणि इथे घाई करू नका. मेक्सिकोचा हुकूमशहा पोर्फिरिओ दिआस याच्या सरकारला नदीकाठची जमीन पाटाच्या शेतीसाठी हवी होती. जानेवारी १९०० मध्ये बाकातेते डोंगरातल्या मासोकोबाला सुमारे ४०० याकी मारले गेले, बायकामुलं मोठ्या संख्येने पकडली गेली. त्यानंतरच्या वर्षांत धरपकड करून माणसं मेक्सिकोच्या दुसऱ्या टोकाला, युकातानला पाठवली गेली. मी हा प्रवास भिंतीवर बोट फिरवून दाखवते, कारण फळ्यावरचा नकाशा पुरत नाही. ग्वायमास बंदरातून बोटीने सान ब्लास. तिथून डोंगर ओलांडून पायी. मग रेल्वेने मेक्सिको सिटी, पुढे वेराक्रुस, पुन्हा बोट, आणि प्रोग्रेसो बंदर. वाटेत कुटुंबं तुटत गेली. जॉन केनेथ टर्नर हा अमेरिकन पत्रकार १९०८ मध्ये पैसेवाला गुंतवणूकदार असल्याचं सोंग घेऊन तिथे गेला, म्हणून हे जगाला तपशिलात कळलं. एकूण किती जण गेले याचे इतिहासकारांचे अंदाज ८,००० पासून १५,००० पर्यंत आहेत.

युकातानात काम होतं एनेकेनच्या मळ्यांत. एनेकेन म्हणजे आपल्या घायपाताच्या जातीतलीच वनस्पती, तिच्या पात्यांतून दोराचा धागा निघतो. या धाग्याची सुतळी अमेरिकेतल्या कापणीयंत्रांवर गव्हाच्या पेंढ्या बांधायला जायची. गव्हापासून सुरुवात केली असेल तर हे वाक्य सांगताना आवाज चढवावा लागत नाही.

जे निसटले, त्यांतले बरेच त्या आडव्या रेघेपलीकडे गेले. सोनोरात याकी असणं हेच धोक्याचं झालं होतं, भाषा आणि सण लपवले जात होते. ॲरिझोनात रेल्वेवर, कापसाच्या शेतांत मजुरी करणाऱ्या या निर्वासितांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याचे विधी पुन्हा उघडपणे सुरू केले. तुसॉनजवळचं पास्कुआ आणि फिनिक्सजवळचं ग्वादालुपे ही त्यांची गावं. अमेरिकेच्या सरकारने पास्कुआ याकी जमातीला मान्यता दिली ती १९७८ मध्ये.

एवढं झालं की धर्म. माझ्या मते लोक इथेच विषय बिघडवतात. फळ्यावर दोन रकाने पाडायचा मोह होतो, डावीकडे "मूळचं", उजवीकडे "ख्रिस्ती". हरिणाचा नाच डावीकडे, क्रूस उजवीकडे. पाडाच ते रकाने, आणि मग श्रोत्यांना विचारा, फूल कुठे लिहू?

याकींच्या हरिणगीतांत सेआ आनिया येतं, फुलांचं जग, पूर्वेला, पहाटेच्या खालचं. हरिण तिथून येतं. आणि हीच माणसं सांगतात की क्रुसावरून ख्रिस्ताचं रक्त जमिनीवर ठिबकलं तिथे फुलं उमलली. देवाची कृपा म्हणजे फूल. नाचणाऱ्याच्या डोक्यावरच्या हरिणाच्या शिंगांना बांधलेली लाल फीत म्हणजे फूल. हे दोन रकान्यांत मावत नाही. डस्टर घेऊन रेघ पुसून टाका. आमच्याकडे फादरांनीच पुसली.

त्याला जोडून बोलत्या झाडाची गोष्ट सांगा. स्पॅनिश यायच्या आधी सुरेम नावाची ठेंगणी माणसं या भूमीत राहायची. एक झाड गुणगुणायला लागलं, कुणाला अर्थ लागेना. योमुमुली नावाच्या बाईने तो सांगितला: बाहेरची माणसं येतील, बाप्तिस्मा येईल, मरण येईल. काही सुरेमना हे नको होतं, ते जमिनीखाली आणि समुद्रात निघून गेले, अजून तिथे आहेत. जे थांबले ते आजचे याकी. म्हणजे त्यांच्या स्वतःच्या गोष्टीत बाप्तिस्म्याची बातमी पाद्र्यांच्या आधी त्यांच्याच रानातल्या झाडाने दिलेली आहे.

यानंतर देवांची यादी देऊ नका. कोण काय करतं ते सांगा, आणि ते नवसाने करतं हे सांगा. मूल आजारी पडलं की आईबाप नवस बोलतात, वाचला तर अमुक मंडळात नाचेल, ठराविक वर्षं किंवा जन्मभर. वांद्र्याला मोत माउलीच्या पायाशी मेणाचा हात किंवा पाय वाहून आपण मोकळे होतो. याकीचा नवस त्याचं अख्खं अंग मागतो. मुलगा माताचिनी झाला तर फुलांचा मुकुट घालून मरियामातेसाठी नाचणार. कुणी हरिण होणार, कुणी पाहकोओला, म्हणजे सणाचा म्हातारा यजमान, जो लाकडी मुखवटा कधी तोंडावर तर कधी डोक्याच्या मागे घालून नाचतो, विनोद करतो, प्राण्यांना संत म्हणून हाका मारतो. आणि कुणी चापायेका.

चापायेकांना भरपूर वेळ द्या. राखेच्या बुधवारी उपवासकाळ सुरू झाला की गावाचा ताबा कोहतुम्ब्रे नावाच्या मंडळाकडे जातो. त्यातले फारिसेओ म्हणजे ख्रिस्ताचा पाठलाग करणारे, आणि चापायेका त्यांचे मुखवटेधारी शिपाई. कातड्याचा डोकंभर मुखवटा, मोठाले कान, हातात लाकडी तलवार आणि सुरा, कमरेला खुळखुळणारा पट्टा. बोलत नाहीत, खुणांनी सांगतात, सगळं डाव्या हाताने आणि उलटं करतात. दर शुक्रवारी क्रुसाच्या वाटेच्या मिरवणुकीत ते वाढत जातात. पवित्र गुरुवारी ख्रिस्ताच्या जागी असलेल्या एका म्हाताऱ्याला छळत फिरवतात. आमच्याकडे एका मावशीने इथेच विचारलं, "मग ह्यांना पाप नाय लागत?" प्रश्न बरोबर आहे, आणि त्याचं उत्तर याकींनी केव्हाच करून ठेवलंय. मुखवट्याच्या आत चापायेका गळ्यातल्या जपमाळेचा क्रूस दातांत धरून असतो. बाहेरून वैरी, आत पूर्ण वेळ प्रार्थना. म्हणूनच तो बोलू शकत नाही.

शनिवार त्यांचा ग्लोरिया. चर्चमध्ये आत लहान मुलं पांढऱ्या कपड्यांत देवदूत होऊन उभी, शेजारी त्यांचे धर्ममाता-धर्मपिता. बाहेर माताचिनी, पाहकोओला, हरिण. फारिसेओ धावत चर्चवर चाल करतात. घंटा वाजतात, पडदा उघडतो, आणि त्यांच्यावर फुलं, पानं, रंगीत कागदाचे कपटे यांचा मारा होतो. ते मागे हटतात, पुन्हा येतात. तिसऱ्या खेपेला चापायेका मुखवटे आणि तलवारी टाकून देतात. त्यांचे धर्ममाता-धर्मपिता त्यांच्या डोक्यावर कापड टाकून त्यांना धावत चर्चमध्ये नेतात आणि देवाला पुन्हा वाहतात. बाहेर मुखवट्यांचा ढीग ख्रिस्ताचा घात करणाऱ्या यहूदाच्या पुतळ्यासकट जाळला जातो. एक-दोन मुखवटे ठेवतात, मंडळातला कुणी वारला तर त्याच्यासोबत पुरायला. हे सांगताना हरिण कुणाच्या बाजूने फुलं टाकतंय ते विसरू नका. रानातलं हरिण ख्रिस्ताच्या बाजूने लढतं.

दाखवायचं काय? फोटो नकोत. याकी गावांत विधींच्या वेळी फोटो, चित्रं काढणं, ध्वनिमुद्रण सगळं बंद असतं, आणि तरी कुणीतरी चोरून घेतलेलं प्रोजेक्टरवर लावायचं, हे मला पटत नाही. मुलांना मुखवटे घालून नाचवणं तर अजिबात नको. नाद मात्र देता येतो. हरिणनाचाच्या साथीला अर्धा भोपळा पाण्यावर उपडा तरंगत ठेवून काठीने वाजवतात. एकतारीला वापरतात तसा वाळलेला भोपळा मिळवा, अर्धा कापा, घमेल्यात पाणी भरून उपडा सोडा, काठीच्या टोकाला कापड गुंडाळा आणि हलकेच ठोका. पाणी जास्त झालं की आवाज बसतो, तेव्हा घरी करून बघा. दुसऱ्या उपड्या भोपळ्यावर खाचा पाडलेली काठी टेकवून दुसऱ्या काठीने घासली की त्यांचा दुसरा आवाज मिळतो. गाणं म्हणू नका, ते आपलं नाही. मिनिटभर वाजवून थांबा. शेवटी खायला द्यायचं असेल तर गव्हाच्या पातळ मोठ्या पोळ्या चालतील. त्यांच्या सणाचं वाकाबाकी हे गोमांस, हरभरे आणि भाज्यांचं असतं. आम्ही मांस वगळून छोले, मका, लाल भोपळा घालून केलं आणि त्याला वाकाबाकी म्हणायचं टाळलं.

प्रश्नांना पंधरा मिनिटं राखून ठेवा. "मग ते खरे ख्रिस्ती का?" हा येणारच, बहुधा शिकलेल्या माणसाकडून. वाद घालू नका. १७६७ कडे बोट दाखवा आणि विचारा, पाद्री नसताना ज्यांनी शतकभर आणि वर उपवासकाळ पाळला, त्यांची परीक्षा घ्यायला कोण बसणार? फोर्टच्या फुटपाथवर जुनी इंग्रजी पुस्तकं चाळणारा एखादा माणूस कार्लोस कास्तानेडा या लेखकाचं आणि त्याच्या याकी गुरूचं नाव काढेल. १९६८ पासून आलेली ती पुस्तकं लोकप्रिय झाली, पण त्या गुरूचं अस्तित्व कुणाला दाखवता आलेलं नाही, आणि त्यातला पेयोटचा, म्हणजे नशा आणणाऱ्या निवडुंगाचा, प्रकार याकी विधींत नाही. दोन वाक्यांत सांगून पुढच्या हाताकडे वळा, नाहीतर उरलेला वेळ त्यातच जातो.

नदीचा प्रश्न कुणी विचारला नाही तर तुम्हीच काढा. १९३७ मध्ये राष्ट्राध्यक्ष लासारो कार्देनास यांनी याकींना नदीच्या उजव्या तीरावरची चार लाख हेक्टरांहून जास्त जमीन आणि आंगोस्तुरा धरणातलं निम्म्यापर्यंत पाणी दिलं, कागदावर. कोकोरित आणि बाकुम डाव्या तीरावर राहिली, ती बाजू गव्हाकडे गेली. १९५२ मध्ये ओविआचिक धरण झालं, पाणी कालव्यांत वळलं आणि आठ गावांजवळचं पात्र कोरडं पडलं. २०१० नंतर वरच्या धरणातून एर्मोसियो शहराला पाणी न्यायची जलवाहिनी आली. याकी कोर्टात गेले आणि विकामला महामार्गावर बसले. २८ सप्टेंबर २०२१ ला राष्ट्राध्यक्ष लोपेस ओब्रादोर यांनी विकामला येऊन याकींची सरकारतर्फे माफी मागितली. आमच्या हॉलमध्ये यावर एकाने मुंबईला पाणी देणाऱ्या तानसा-वैतरणाच्या काठच्या गावांबद्दल विचारलं. ती चर्चा साडेनऊपर्यंत चालली, तेव्हा हॉलची वेळ अर्धा तास वाढवून घ्या आणि वॉचमनला आधीच सांगून ठेवा.